आजोबांना जागा हवी

संकलनाचं सॉफ्टवेअर बदलायचंच, हे ज्या सकाळी ठरलं त्या सकाळी वहिनींनी प्रोजेक्ट उघडायला लावला, चहा केला, प्यायला, कपबशा विसळल्या, गच्चीत कपडे वाळत घातले. परत येऊन पाहतात तर पडद्यावरची पट्टी अर्ध्यावरच डुलक्या काढत होती. मग पडदा पांढराफटक झाला आणि पट्टीही गेली.

"गेलं," वहिनी म्हणाल्या.

"कोण गेलं?" वन्संनी दारातून घाबरून विचारलं.

"सॉफ्टवेअर गेलं. आणि त्याला तुम्ही मारलंत."

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची धाकटी बहीण. हल्ली नणंदेला वन्सं कोणी म्हणत नाही, आणि धाकटीला 'तुम्ही' तर नाहीच नाही. पण वहिनींनी लग्नानंतर थट्टेत सुरुवात केली आणि ते चिकटलं. वन्सं माहितीपट काढायच्या आणि वहिनी ते कापून-जोडून उभे करायच्या. घराच्या मागच्या खोलीत दोन टेबलं, तीन पडदे आणि चपलांच्या खोक्यांत भरलेल्या हार्ड डिस्क, एवढं त्यांचं ऑफिस. आजवरचे माहितीपट लहान होते, त्यामुळे जुनं सॉफ्टवेअर कुरकुरत का होईना, चालत होतं. आताचा मात्र राक्षस निघाला होता.

ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांच्या एका निवासी शाळेत वन्सं वर्षानुवर्षं कॅमेरा घेऊन जात राहिल्या होत्या. शाळेत पाच वर्षांची म्हणून आलेली एक मुलगी शिकून बाहेर पडेपर्यंत त्यांनी चित्रण थांबवलं नव्हतं. ती मुलगी आता मोठी झाली होती, संकलन शिकली होती आणि वहिनींच्या शेजारच्या टेबलावर बसून त्यांना मदत करत होती. हातांच्या भाषेत प्रत्येक माणूस एका खुणेने ओळखला जातो. हिची खूण म्हणजे गालावर टेकवलेलं बोट, म्हणून घरात सगळे तिला खळीच म्हणत. वहिनींची खूण तिनेच ठरवली होती, ती म्हणजे कपाळावर सरकवलेला चष्मा. वन्संची खूण म्हणजे तोंडापाशी सारखी उघडझाप करणारी चार बोटं. ती कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

पडदा पांढरा झालेला पाहून खळीने खुणेने विचारलं, "मेलं?"

"मेलं," वहिनींनी हातानेच सांगितलं.

"बरं झालं," खळी म्हणाली. "म्हातारं फार त्रास देत होतं."

हसायला ठीक होतं, पण वेळ हसण्याची नव्हती. आदल्याच दिवशी चॅनेलच्या बाईंचा फोन येऊन गेला होता. हा माहितीपट दाखवणार त्या बाईंचं चॅनेल. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना घाई होती. "मी गुरुवारी येते," त्या म्हणाल्या होत्या. "एवढा मोठा माल तुम्ही कशावर कापणार, ते मला चालू अवस्थेत दाखवा. नाही जमलं तर सगळं आमच्याकडे पाठवून द्या. आमची टीम कापेल. श्रेयनामावलीत तुमचं नाव राहीलच."

नावाचं वहिनींना काय करायचं होतं? त्यांना माहितीपट हवा होता. त्या हातांची भाषा शिकल्या होत्या ती कोणत्याही वर्गात नाही, तर याच चित्रणातून. एकेक प्रसंग पुढे-मागे करत, खळीकडून चुका सुधारून घेत, तिचे टोमणे खात. कोण हात झटकून बोलतो, कोण बोटं आखडून खोटं बोलतो, हे त्यांना आता कळत होतं. हे सगळं उचलून दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर जाणार, या विचारानेच त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता. ते त्यांनी वन्संना तसंच सांगितलं.

"वहिनी, असं होणार नाही," वन्सं म्हणाल्या. "तू फक्त एक चांगलं सॉफ्टवेअर निवड."

"भाजी निवडायची आहे का ती?"

तरी बसल्या निवडायला. चाचणीसाठी तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली आणि तिघांना तीन नावं दिली. पहिलं दिसायला देखणं. त्याचे रंग, बटणं, सगळं कसं नव्या नवलाईचं. चॅनेलमध्ये हेच वापरतात. ती झाली नवरी. दुसऱ्याचं रंग सुधारण्याचं काम असं की बघत राहावं, पण त्याला दणकट मशीन लागे, आणि उघडल्यावर पंखे एवढे घरघरायचे की खळीला ते टेबलावरच्या हातातून कळायचं. तो पाहुणा. त्याचा पाहुणचार आपल्याला परवडायचा नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. तिसरं जुन्या वळणाचं. दिसायला रुक्ष, प्रत्येक वस्तू जागच्या जागी हवी, कप्प्याला नाव दिल्याशिवाय पुढे पाऊल टाकू देणार नाही. एकाने कप्पा उघडला की दुसऱ्याने फक्त बघायचं, हात लावायचा नाही. वहिनींनी त्याचं नाव सासूबाई ठेवलं आणि इकडेतिकडे पाहून घेतलं, कारण खऱ्या सासूबाई बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होत्या.

वहिनींचं मन नवरीवर होतं, हे खरं. चॅनेलला तीच हवी होती, मग वाद कशाला? शिवाय ती शिकायला सोपी. दोन दिवस दोघींनी तिच्यावर काम केलं आणि छान गट्टी जमली. अडचण आली ती आजोबांची.

आजोबा म्हणजे दुसरा कॅमेरा. वन्संना सुरुवातीपासूनची सवय होती, की एक कॅमेरा हातात घ्यायचा आणि दुसरा, जुना, स्टँडवर लावून कोपऱ्यात चालू करून सोडून द्यायचा. तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. हलत नाही, जवळ जात नाही, नुसता बसून सगळं बघत राहतो. म्हणून आजोबा. त्याचं चित्रण डोंगराएवढं होतं आणि बघायला कंटाळवाणं. पण वहिनींना तेच लागायचं. कारण वन्संच्या हातातला कॅमेरा सारखा चेहऱ्याकडे जायचा. कान असलेल्या माणसाची ही खोडच असते, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. इथे बोलणारे बोलत होते हातांनी, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य आलं की वन्संच्या चौकटीत दोन मोठे डोळे आणि हनुवटी. हात चौकटीबाहेर. वहिनींनी किती वेळा सांगितलं, वन्संनी किती वेळा कान पकडले, पण डोळे भरून आले की कॅमेरा पुन्हा वर. अशा वेळी आजोबा धावून यायचे. त्यांच्याकडे सगळी माणसं नखशिखांत असायची, हातांसकट.

तर वहिनींनी नवरीत आजोबांचा माल ओतायला सुरुवात केली आणि तिचं तोंड वाकडं झालं. आधी संथ झाली, मग मध्येच थबकायला लागली, मग सरळ बंदच पडली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. चित्रणाच्या हलक्या प्रती करून पाहिल्या, तुकडे करून पाहिले. वहिनींच्या नाकी नऊ आले.

चॅनेलच्या इंजिनीअरला फोन लावला. पोरगा मदतीला तत्पर होता. "कोपऱ्यातला कॅमेरा वगळा ना," तो म्हणाला. "चांगला माल सगळा मुख्य कॅमेऱ्यात आहे. त्याच्यावर लोण्यासारखं चालेल."

"वगळ गं," वन्संही म्हणाल्या. "आजोबांना नुसती झोप काढायची सवय आहे. गुरुवार उद्यावर आलाय."

वगळलं तर गुरुवारी सगळं सुरळीत दिसणार होतं, बाई खूश होणार होत्या, माहितीपट घरात राहणार होता. मनात आलं, की द्यावं ठेवून खोक्यात. त्यांनी खळीकडे पाहिलं. खळीने सगळी वादावादी ओठांवरून टिपली होती.

"आजोबा नाहीत," तिने हातांनी सांगितलं, "तर अर्धी शाळा मुकी होईल."

एवढं बोलून ती आपल्या कामाला लागली. वहिनींनी नवरी मिटली आणि सासूबाईंना उघडलं.

सासूबाईंनी आधी छळलं. हे नाव असं का, तो कप्पा तिथे का, ही तारीख कुठली. दोन कॅमेरे एकमेकांशी जुळवायचे तर एरवी आवाजावरून जुळवतात. इथे आवाज नावापुरताच. पण त्या शाळेत तासाची घंटा म्हणजे दारावरचा दिवा. तास संपला की तो तीनदा उघडझाप करतो. दोन्ही चित्रणांत तो दिवा शोधायचा, पहिल्या उघडझापीवर खूण करायची आणि दोन्ही एका दोरीत ओवायची, अशी युक्ती खळीने काढली. मग दोघी आपापल्या टेबलावरून एकाच प्रोजेक्टमध्ये दिवे शोधत बसल्या. एकीने घेतलेल्या कप्प्याला दुसरी हात लावू शकत नव्हती, त्यामुळे भांडणही नव्हतं. आजोबा डिस्कमागून डिस्क आत येत राहिले. सासूबाई कुरकुरल्या नाहीत की थबकल्या नाहीत. कधीच न उघडलेली, अगदी सुरुवातीच्या वर्षांची खोकीसुद्धा आत गेली. संध्याकाळी सगळं बसलं तेव्हा वहिनींचा जीव भांड्यात पडला.

गुरुवारी बाई आल्या. सोबत इंजिनीअर, आणि त्याच्याकडे नवरी, अगदी सजून. आमची टीम कसं काम करते हे तुम्हालाही कळावं, म्हणून तुम्ही नमुन्याला पाठवलेल्या मुख्य कॅमेऱ्याच्या मालावर एक प्रसंग कापून आणलाय, असं बाई म्हणाल्या. छोट्याशा खोलीत सगळे दाटीवाटीने बसले.

"आधी हिची एक भन्नाट सोय दाखवतो," इंजिनीअर उत्साहाने म्हणाला. "बोललेलं सगळं आपोआप अक्षरांत उतरतं, आणि मधल्या शांत जागा एका बटणावर गाळून टाकते. तासन्तास वाचतात." त्याने शाळेच्या एका पूर्ण दिवसाचं चित्रण लावलं आणि बटण दाबलं.

लांबलचक पट्टी आकसत गेली. आकसत आकसत चिमटीएवढी झाली. इंजिनीअरने ती चालवली. एक खुर्ची सरकली. ताट पडलं. बाहेर कुत्रं भुंकलं. मग वन्संचा आवाज: "अरे, दिवा लावा कोणीतरी." पुन्हा वन्सं: "अगं बाई, पडला का?" शेवटी एक सणसणीत शिंक, तीही वन्संचीच.

मग बाईच खो-खो हसत सुटल्या, आणि मग कोणालाच आवरेना. इंजिनीअर कानापर्यंत लाल झाला. खळीने वहिनींचा दंड हलवला. "काय उरलं?"

"नुसत्या वन्सं," वहिनींनी सांगितलं.

"मग पिक्चर तयार आहे," खळी म्हणाली. तेही वहिनींनी सगळ्यांना बोलून दाखवलं, आणि वन्संनी खळीच्या पाठीत धपाटा घातला.

"ते बटण दाबायचं नाही, एवढंच," इंजिनीअर म्हणाला. त्याचं बरोबर होतं. सॉफ्टवेअर काही बटणामुळे वाईट ठरत नाही. मग त्याने कापून आणलेला प्रसंग लावला.

पहिल्या वर्षाची सुट्टी लागली त्या दिवसाचा. शाळेच्या फाटकाशी एका मुलीला घरी न्यायला तिची आई आली आहे. मुलगी धावत येते. आईकडे बघून हात उचलते, आणि चित्र आईच्या चेहऱ्यावर जातं. आईचे डोळे भरून आलेले, ती हसते, मान डोलावते, आणि मागे हळुवार संगीत. सुरेख कापलं होतं, वहिनींना मान्य करावं लागलं. वन्संनी तर पदर डोळ्यांना लावला. स्वतःच टिपलेला चेहरा होता तो.

"बघा," बाई म्हणाल्या. "आईची माया दाखवायला भाषा लागते का?"

खळी पडद्याकडे बघतच राहिली होती. ती लहान मुलगी तीच होती. "मी काय म्हणाले?" तिने विचारलं.

वहिनींनी प्रश्न मोठ्याने सांगितला. "तुला आठवत नाही?" बाईंनी विचारलं. खळीने नाही अशी मान हलवली.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी सासूबाईंना उघडलं. पहिलं वर्ष, सुट्टीचा दिवस, आजोबा. त्या दिवशी वन्संनी त्यांना व्हरांड्यात उभं करून ठेवलं होतं आणि नंतर विसरूनच गेल्या होत्या. ती डिस्क काल पहिल्यांदाच खोक्यातून निघाली होती. दिव्याची पहिली उघडझाप, तिथून दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी चालू लागले. डाव्या बाजूला आईचा चेहरा, पडदाभर. उजव्या बाजूला अख्खं फाटक, दोन लहानशा आकृती, आणि मुलीचे हात. वहिनींनी चित्र मोठं केलं. जरा धूसर झालं, पण हात स्पष्ट होते.

खळीने एकदा पाहिलं. मग वहिनींच्या हातातून माऊस घेतला आणि पुन्हा पाहिलं. मग ती सगळ्यांकडे वळली आणि त्या लहान मुलीचं बोलणं आपल्या मोठ्या हातांनी, सावकाश, जसंच्या तसं केलं. वहिनी शब्द देत गेल्या.

"आई, इथे सगळे बोलतात. आपल्या घरी कोणीच बोलत नाही. मी परत इथे येणार ना?"

डाव्या बाजूला आई डोळे पुसत हसत होती आणि मान डोलावत होती, हो, हो. तिला एक अक्षरही कळलेलं नव्हतं.

इंजिनीअरने स्वतःहून नवरीची खिडकी मिटली. "हे जुनं सॉफ्टवेअर आहे ना?" त्याने हळूच विचारलं. "आम्ही केव्हाच सोडलं."

"जुनं आहे, कटकटीचं आहे," वहिनी म्हणाल्या. "पण आजोबांना जागा देतं. माझं ह्याच्याशी जमेल."

"जमेलच," बाहेरच्या खोलीतून खऱ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांचा पेपर केव्हाचा वाचून झाला होता.

बाई उठल्या. जाताना त्यांनी खोक्यांच्या चळतीवर हात ठेवला. "हे सगळं इथेच राहू द्या," त्या वहिनींना म्हणाल्या. "तुम्ही दोघीच कापा. मी थांबते." मग दारात त्या खळीकडे वळल्या आणि तिला काहीतरी सांगायला गेल्या, पण हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, तेव्हा दोन्ही हात नुसतेच उघडून दाखवले. खळी हसली.

वहिनींना त्या दिवशी एवढं हलकं वाटलं की त्यांनी नवऱ्याला फोन करून कारण न सांगता बाहेर जेवायला नेण्याचा हुकूम सोडला.

एकच काम उरलं होतं, आणि ते खळीने सांगितलं. "हे जगाला दाखवायच्या आधी आईला दाखवायचं."

खळीची आई शिवणकाम करायची. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा आली. गळ्यातला मोजपट्टीचा वेढा काढायचा राहून गेला होता. ती हातांची भाषा उशिरा शिकली होती, खळी दहा-बारा वर्षांची झाल्यावर, आणि अजूनही अडखळत बोलायची. खळी तिच्या चुका काढायची, ती रागवायची, आणि दोघींचं भांडण हातांनी रंगायचं. त्या दिवशी मात्र खळी एकदम शांत होती. वहिनींनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली.

आईने एकदा पाहिलं. "पुन्हा लावा," म्हणाली. पुन्हा पाहिलं. आता तिला कळत होतं. ती खुर्चीत लेकीकडे वळून बसली आणि जाड, सुयांनी टोचलेल्या बोटांनी बोलू लागली.

"मी हो म्हणाले होते. कळलं नव्हतं तरी."

"माहीत आहे," खळी म्हणाली.

"आता परत विचार."

खळीने हात उचलले आणि तेच विचारलं, लहान मुलीसारखं, तशाच छोट्या खुणांत. घरी कोणीच बोलत नाही.

"मी बोलते," आई म्हणाली. "रोज बोलते. तूच कंटाळतेस." यातली एक खूण चुकली. खळीने डोळे पुसता पुसता आईचा अंगठा धरला आणि सरळ केला.

वन्संनी केव्हाच कॅमेरा उचलला होता. त्यांचे डोळे भरून आले होते आणि कॅमेरा आपोआप आईच्या चेहऱ्याकडे सरकत होता. वहिनींनी कोपराने ढोसलं. वन्संनी जीभ चावली, कॅमेरा खाली घेतला, आणि दोघींचे चारही हात चौकटीत येईपर्यंत मागे मागे सरकत कोपऱ्यातल्या भिंतीला जाऊन टेकल्या.